उद्योजकतेची पदवी व शेतकऱ्याचा मुलगा

बारावीचे निकाल लागले कीं आमच्या दारीं शेतकरी बंधूंची ये-जा वाढते. माल खात्याच्या कारकुनींत आमचें आयुष्य गेलें, म्हणून पूर्वीं मंडळी सातबारा व फेरफार यांचें काम घेऊन येत. अलीकडे मुलांच्या शिक्षणाचें काम घेऊन येतात. त्यांत एक प्रश्न वारंवार निघतो: "उद्योजकता हाच मुख्य विषय घेऊन पदवी मिळते म्हणतात. मुलगा तीच घेईन म्हणतो. घेऊं द्यावी काय?" गतवर्षीं हाच प्रश्न आमच्या धाकट्या बंधूंनीं विचारला, आणि त्यासोबत दोन एकर ओलिताचें शेत विकण्याचा बेतहि सांगितला. तेव्हां या विषयाचा आम्हीं आमच्या अल्प बुद्धीनें जो विचार केला तो वाचकांपुढें ठेवितों.

उद्योजक म्हणजे केवळ कारखानदार नव्हे. लोकांची गरज ओळखून, भांडवल, माणसें व माल एकत्र आणून, तोट्याची जोखीम स्वतःच्या शिरावर घेऊन जो नवा धंदा उभारतो तो उद्योजक. या पदवीच्या तीन किंवा चार वर्षांत जमाखर्च, उत्पादन-खर्चाची आकारणी, बाजारपेठेची पाहणी, भांडवल-उभारणी, कर व परवाने यांचे कायदे आणि धंद्याची लेखी योजना हे विषय शिकवितात. चांगल्या ठिकाणीं विद्यार्थ्यांकडून एखादा लहान धंदा प्रत्यक्ष चालवूनहि घेतात.

धंद्याची बुद्धि उपजत असते, ती शिकवून येत नाहीं, असें पुष्कळ लोक म्हणतात. हें अर्धेंच खरें आहे. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत नवा धंदा कसा उभारावा याचे पाठ १९४७ सालींच सुरू झाले. १९६४ सालीं तेथील मानसशास्त्रज्ञ मॅक्‌लेलंड यांनीं आंध्रांतील काकीनाडा शहरच्या व्यापाऱ्यांस कांहीं दिवसांचें शिक्षण देवविलें. ज्यांस हें शिक्षण मिळालें नव्हतें त्यांच्यापेक्षां या मंडळींनीं पुढें अधिक हालचाल केली व अधिक माणसें कामास लाविलीं, असें आढळलें. आपल्या देशांत अमदाबादेस भारतीय उद्योजकता विकास संस्था १९८३ सालीं निघाली, आणि आपल्या राज्याचें उद्योजकता विकास केंद्र १९८८ सालीं. तेव्हां शिक्षणाचा उपयोग होतो यांत शंका नाहीं. मात्र काकीनाड्याचे ते लोक आधींच व्यापारांत होते, हें विसरूं नये. बीं पेरलेल्या शेतासच ओलिताचा उपयोग. पडीत जमिनींत पाणी सोडलें तर तणच माजतें.

याचें उत्तम उदाहरण आमच्या वर्ध्यासच आहे. मगनवाडी सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेथें बसून ग्रामोद्योगाचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा हे स्वतः धंद्याच्या विद्येचे पदवीधर होते, हें थोड्यांस ठाऊक असेल. त्यांनीं प्रथम लंडनास हिशेब-तपासणीची विद्या घेतली, मुंबईस तो व्यवसाय केला, आणि मग अमेरिकेंत जाऊन सिरॅक्यूज विद्यापीठाची व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी १९२८ सालीं मिळविली. परत आल्यावर गांधीजींच्या सांगण्यावरून गुजराथेंतील मातर तालुक्याची पाहणी केली. शेतकऱ्याचें उत्पन्न किती व खर्च किती हें घरोघर जाऊन मांडलें. डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचें चिटणीसपद कुमारप्पांकडे आलें. जमनालालजी बजाज यांनीं दिलेल्या बागेंत तेलघाणी, हातकागद, मधमाशा, साबण अशा उद्योगांचे प्रयोग चालत व ग्रामसेवक तयार होत. तेथें झवेरभाई पटेल यांनीं जुन्या घाणीच्या रचनेंत सुधारणा केली. या साऱ्या क्रमांत आधीं काम, मग पदवी आणि पुन्हां काम असा फेरा आहे. पदवी मध्यें आहे. ती आरंभहि नाहीं व शेवटहि नाहीं.

तसेंच २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दिवशीं वर्ध्यास जी शिक्षण-परिषद भरली तींत हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण द्यावें, आणि मुलांच्या कामाच्या उत्पन्नांतून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, असा विचार मांडला गेला. उत्पन्नाच्या मागें लागून शिक्षणच बुडूं नये, असा इशाराहि झाकिर हुसेन समितीनें दिला. दोन्ही गोष्टी आज तितक्याच लागू आहेत. ज्या कॉलेजांत विद्यार्थ्याच्या हातून एक रुपयाचाहि खरा व्यवहार होत नाहीं तेथें उद्योजकता शिकणें म्हणजे बांधावर उभें राहून पोहणें शिकणें होय. आणि जेथें नुसता व्यवहारच होतो, त्याचा हिशेब कोणी तपासीत नाहीं, तेथें पदवीची गरज नाहीं.

आतां आमच्या घरची गोष्ट सांगतों. पुतण्यास दूरच्या एका खासगी विद्यापीठांत जावयाचें होतें. फीसाठीं शेत विकण्याचा बेत होता. आम्हीं म्हटलें, आधीं एक हंगाम घरच्या तुरीची डाळ करून विक, मग बोलूं. त्यानें पांच क्विंटल तूर घेतली. ३४० किलो डाळ १२० रुपयांप्रमाणें ४०,८०० रुपयांस गेली व १०० किलो चुणी १५ रुपयांप्रमाणें १,५०० रुपयांस. एकूण ४२,३०० रुपये. डाळ-गिरणीची भरडाई व गाडीभाडें ३,५००, पिशव्या १,५००. वहीं पुढें करून तो म्हणाला, "मोठेबाबा, ३७,३०० रुपये नफा!" आम्हीं विचारलें, "तुरीचे पैसे कोठें आहेत?" तो म्हणाला, "तूर तर घरचीच." त्या वेळीं तुरीचा भाव क्विंटलास ७,००० रुपये होता, ३५,००० वजा होतांच नफा २,३०० वर आला. मग त्याचे स्वतःचे आठ दिवस ३५० रुपये रोजाप्रमाणें मांडले. ते २,८०० झाले. म्हणजे ५०० रुपये तोटा! शिवाय कांहीं रक्कम उधारींत अडकलेली होती, ती निराळीच.

मुलगा दोन दिवस बोलला नाहीं. बंधूहि आमच्यावर रागावले. परंतु तिसऱ्या दिवशीं तोच विचारूं लागला कीं खर्चाची मांडणी नीट कशी करितात, आणि भाव ठरवावा कसा. शिकण्याची भूक लागली ती येथें. पुढें जिल्ह्यांतल्याच एका कॉलेजांत, घरून जाऊन-येऊन, त्यानें वाणिज्य शाखा घेतली. दुसऱ्या हंगामांत त्यानें दहा-बारा कुटुंबांची मागणी आधीं लिहून घेतली, मगच तूर गिरणींत नेली, आणि उधारी बंद ठेवली. नफा थोडा झाला, पण तो खरा होता. ते दोन एकर आजहि बंधूंच्याच नांवावर आहेत.

ज्यांस मुलांस या मार्गास लावावयाचें आहे त्यांनीं चार गोष्टी पाहाव्या. पहिली, विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे काय, बी.बी.ए. सारख्या व्यवस्थापनाच्या पदवीस २०२४ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता व आपल्या राज्यांत सामाईक प्रवेश-परीक्षाहि लागूं लागली आहे. दुसरी, विद्यार्थी खरा धंदा करितात काय, व तोटा झाल्यास तो कोणाच्या माथीं बसतो. तिसरी, तीच विद्या जवळ मिळते काय. वर्ध्यास वाणिज्याचें गोविंदराम सेक्सरिया महाविद्यालय १९४० पासून आहे. आणि पिपरी येथें कृषि महाविद्यालय आहे. कृषि पदवीच्या अखेरच्या वर्षीं गांवांत राहून काम करण्याची व प्रत्यक्ष उत्पादन घेऊन विकण्याची जी योजना आहे ती २५ जुलै २०१५ रोजीं ग्रामीण उद्योजकतेसाठींच जाहीर झाली. चौथी, फी कोठून येणार. ती जमिनींतून येणार असेल तर थांबावें. धंदा बसला तर पुन्हां उठवितां येतो. खरेदीखत झालेलें शेत परत मिळविणें किती कठीण, हें आम्हीं पुष्कळ फेरफारांत पाहिलें आहे.

समुद्रपूर तालुक्यांतील वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. नांव मिळालें, तरी दळणारे, भरणारे व योग्य भावानें विकणारे हात गांवांतच तयार व्हावे लागतात. तसे हात घडविणारी विद्या असेल तर ती अवश्य घ्यावी. पण मुलास कॉलेजांत पाठविण्यापूर्वीं एक वहीं द्यावी, घरचा एक माल द्यावा, आणि हंगाम संपल्यावर त्याच्याजवळ बसून ती वहीं ओळ न् ओळ वाचावी. प्रवेशाची पहिली परीक्षा तीच होय.