होडी आली आंब्याच्या गाडीतून!

"आई, आपण होडी घेऊया ना?" लेकीनं हे विचारलं तेव्हा मी गवार निवडत होते. मला वाटलं, चेष्टा करतेय. आमच्या रत्नागिरीत होड्या पैशाला पासरी, पण त्या मच्छीमारांच्या. ब्लॉकमध्ये राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरात होडी कुठून यायची?

पण तिचं खरंच ठरलं होतं. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, तेव्हा ही प्राथमिक शाळेत होती. पेपरातला त्यांचा फोटो कापून तिनं कपाटाच्या दारावर चिकटवला, तो अजून तिथंच आहे. पुढे कॉलेजात एनसीसीच्या नौदल विभागात गेली, शिडाची होडी हाकायला शिकली. पण सरावाला होडी मिळायची आठवड्यातून एकदा, तीही पाच जणींत मिळून. स्पर्धेत उतरायचं तर रोज पाण्यात उतरायला हवं.

नवी होडी घ्यायची आमची ऐपत नव्हती. बेलापूरला एका गृहस्थांकडे जुनी 'लेझर' विकायला होती. एकटीनं चालवायची, एकाच शिडाची होडी. किंमत सव्वा लाख. मी भिशीचे आणि पाटल्यांसाठी साजवलेले पैसे एकत्र केले. आमचे हे दुबईला असतात. फोनवर म्हणाले, "घे, पण आणणार कशी?"

खरा प्रश्न तोच होता. बेलापूर ते रत्नागिरी म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर. दीर म्हणाले, "वहिनी, गाडीवाल्यांशी बोलणं बायकांचं काम नाही. मी बघतो." त्यांच्या बघण्यात दोन आठवडे गेले. शेवटी मीच फोन उचलला.

पहिला ट्रान्सपोर्टवाला फारच गोड बोलला. "होऊन जाईल मॅडम, काळजीच सोडा." त्यानं एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला वाटलं, किती अनुभवी माणूस! तीन हजार ॲडव्हान्स पाठवला. ठरल्या दिवशी बेलापूरला भाचा उभा राहिला, तर समोर आला दहा फुटी टेम्पो. होडी जवळजवळ चौदा फुटांची. ड्रायव्हर म्हणतो, "चार फूट बाहेर राहील, लाल फडकं बांधतो की!"

भाच्याचा फोन आला, "मावशी, काय करू?" माझ्या पोटात गोळा आला. हो म्हणावं तर होडी रस्त्यावर आपटायची, नाही म्हणावं तर तीन हजार बुडणार. क्षणभर वाटलं, दिरांना विचारावं. पण पैसे माझे, होडी लेकीची. म्हटलं, "परत पाठव त्याला." ॲडव्हान्स आजतागायत परत आलेला नाही. दीर मात्र लगेच म्हणाले, "मी सांगत होतो!"

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी गॅलरीत उभी होते, तर समोरून आंब्याच्या पेट्या भरलेली गाडी गेली. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला! एप्रिल महिना. रोज संध्याकाळी इथून गाड्या भरून वाशी मार्केटला जातात, आणि बऱ्याचशा रिकाम्याच परततात. बेलापूर तर वाशीच्या शेजारी!

शेजारचे बागायतदार काका एका टेम्पोमालकाकडे घेऊन गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, लांबी किती? रुंदी किती? वजन?" मी मनात म्हटलं, हाच आपला माणूस. वहीत उतरवलेलं वाचून दाखवलं: लांबी तेरा फूट दहा इंच, रुंदी साडेचार फूट, नुसत्या होडीचं वजन ५९ किलो. डोलकाठी दोन तुकड्यांत सुटते, त्यातला लांब तुकडा बारा फुटी. ते म्हणाले, "चौदा फुटीचा आतला माप कमी भरतो. सतरा फुटी आयशरच लागेल." स्वतंत्र गाडीचे मला बावीस हजार सांगितले होते. परतीच्या गाडीचे नऊ हजारांत ठरलं.

या वेळी मी स्वतः गेले. रात्रीच्या एसटीनं, सोबत चार जुन्या गोधड्या आणि रिक्षाच्या दोन फाटक्या ट्यूब. होडीच्या मालकांनी नीट दाखवलं. होडी पालथी ठेवायची, म्हणजे भार कडांवर येतो. फायबरचा तळ दोरीनं करकचून आवळायचा नाही, नाहीतर तो दबतो. डोलकाठी, सुकाणू आणि खालची फळी वेगवेगळी गुंडाळायची. सासूबाईंच्या हातची गोधडी होडीखाली अंथरताना मला भरून आलं. कशाकशाला उपयोगी पडतात या बायकांची शिवणं!

गाडी हलण्याआधी मी चारही बाजूंनी फोटो काढले. बिल्टीवर होडीची किंमत आणि 'वर काहीही ठेवू नये' असं लिहून घेतलं. ड्रायव्हर हसला, "काकू, तुम्ही वकील आहात का?" म्हटलं, "नाही बाबा, एकदा पोळलेय."

आणि तेच लिहिलेलं कामी आलं. दुसऱ्या दिवशी होडी उतरवली, तर मागच्या कोपऱ्यावर वीतभर चरा, फायबरचा टवका उडालेला. वाटेत कुणीतरी रिकामे क्रेट भरून दिले, ते घसरले. ड्रायव्हरनं ते कबूल केलं. मी आरडाओरडा केला नाही. बिल्टीवर नुकसान लिहिलं, मगच सही केली, आणि मालकांना फोटो दाखवले. त्यांनी दुरुस्तीचे दीड हजार भाड्यातून वळते केले. लेकीनं तो टवका स्वतः भरला.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी भाट्याच्या खाडीत होडी पाण्यात उतरली. एक बाजू दिरांनी उचलली होती. शीड वाऱ्यानं भरलं, लेक बघता बघता लांब गेली. दीर म्हणाले, "वहिनी, पुढच्या महिन्यात माझं कपाट आणायचंय कोल्हापुराहून. गाडी ठरवून द्याल?"

मी विचारलं, "लांबी किती?"

गाडी ठरवताना

होडी असो, घरघंटी, शिलाई यंत्रं की लेकीच्या संसाराचं सामान, नियम तेच!

• लांबी, रुंदी, उंची, वजन लिहून ठेवा. गाडीच्या बॉडीचं आतलं माप विचारा.

• माल मर्यादेपलीकडे बॉडीबाहेर काढू देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात यासाठी २० हजार रुपये दंड आहे.

• परतीची गाडी मिळते का, ते आधी बघा. भरणं, उतरवणं, हमाली, टोल कुणाकडे, हे आधीच ठरवा.

• बिल्टी घ्याच, आणि तिच्यावर मालाची किंमत लिहून घ्या. वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि लिहिलेल्या किमतीहून जास्त नसते. महागाच्या वस्तूसाठी प्रवासापुरता विमा काढा.

• माल बघून मगच सही करा. दाव्याची वेळ आली, तर बुकिंगच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते.

• पूर्ण भाडं आधी देऊ नका. आणि जो एकही प्रश्न विचारत नाही, त्याला ॲडव्हान्ससुद्धा देऊ नका!