वैद्यकीय उपकरणांची विक्री आणि विक्रेत्याची प्राप्ती : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीचा व्यवसाय बाहेरून एकजिनसी दिसतो. वस्तुतः तो अनेक व्यवसायांचा समूह आहे. हृदयरोहिणीत बसविण्याचा स्टेंट, मोडलेल्या हाडास जोडणारी पट्टी, रक्ततपासणीचे यंत्र आणि घरगुती रक्तदाबमापक या चारही वस्तू एकाच कायद्याखाली येतात. परंतु त्या विकणाऱ्यांच्या प्राप्तीत मोठे अंतर पडते. हे अंतर कशामुळे पडते, आणि त्याचा रायगडच्या किनाऱ्यावरील रुग्णसेवेशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्राप्तीचे घटक

विक्री-प्रतिनिधीची प्राप्ती सामान्यतः दोन भागांची असते : निश्चित वेतन आणि विक्रीवर अवलंबून असणारे कमिशन. पहिल्या भागात शाखेनुसार पडणारा फरक मर्यादित असतो. खरे अंतर दुसऱ्या भागात निर्माण होते. त्याचे मूळ चार गोष्टींत शोधता येते : एका नगाची किंमत, खरेदीची वारंवारिता, खरेदीचा निर्णय कोणाच्या हाती आहे ही बाब, आणि विक्रीनंतर प्रतिनिधीस द्यावा लागणारा वेळ.

एका काल्पनिक हिशेबाने हे स्पष्ट होईल. समजा, कमिशनचा दर सर्वत्र विक्रीमूल्याच्या २ टक्के आहे. ५०,००० रुपयांच्या कृत्रिम गुडघ्यामागे १,००० रुपये मिळतील. तेवढीच रक्कम १,००० रुपये किमतीच्या रक्तदाबमापकातून मिळवावयाची तर ५० नग विकावे लागतील. आता तिसरे उदाहरण घ्यावे. एखादी प्रयोगशाळा दरमहा २०,००० रुपयांची रसायने घेते; तिच्यामागे ४०० रुपये सुटतात. अशा वीस प्रयोगशाळा बांधलेल्या असतील तर महिन्यास ८,००० रुपये, म्हणजे आठ गुडघ्यांइतकी प्राप्ती होते, आणि तीही दर महिन्यास नवे गिऱ्हाईक न शोधता. किमतीचा मोठा आकडा आणि प्राप्तीचे स्थैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

शाखांची तुलना

सीटी स्कॅन, एमआरआय यांसारख्या भांडवली यंत्रांच्या विक्रीत एका व्यवहाराचे कमिशन सर्वांत मोठे असते; पण व्यवहार जमून येण्यास अनेक महिने लागतात, आणि शासकीय रुग्णालयात तो निविदेच्या मार्गानेच होतो. सोनोग्राफी यंत्रास तर आणखी एक बंधन आहे. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविषयक कायद्यात पुढे झालेल्या सुधारणांनुसार नोंदणी नसलेल्या केंद्रास असे यंत्र विकणे हा गुन्हा ठरतो. येथे विक्रेत्याचे कौशल्य कायद्याच्या चौकटीतच चालू शकते.

अस्थिशल्याच्या शाखेत प्रतिनिधी हा अर्धा तंत्रज्ञ असतो. पट्ट्या व स्क्रू यांच्या सर्व मापांचा संच तो शस्त्रक्रियागृहात नेतो. शल्यविशारदास लागेल ते माप हाती येते, वापरलेल्या नगांचे बिल होते आणि उरलेला संच परत जातो. अपघात वेळ पाहून होत नाहीत. म्हणून मुंबई-गोवा महामार्गालगतच्या रुग्णालयांत हे काम रात्री-अपरात्री येते. निवड शल्यविशारदाच्या पसंतीवर अवलंबून असल्याने विश्वास जडला की धंदा टिकतो. मात्र त्याची किंमत प्रतिनिधीच्या वेळात मोजावी लागते.

रक्ततपासणी व डायलिसिस या शाखांची रीत याहून वेगळी आहे. यंत्र पुष्कळदा अल्प मोबदल्यात किंवा वापरापुरते ठेवले जाते. खरी विक्री रसायनांची, डायलायझरची आणि नळ्यांची असते. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीन वेळा येतो, त्यामुळे मागणीत खंड पडत नाही. एका महिन्यात डोळ्यांत भरावी अशी प्राप्ती या शाखांत होत नाही. वर्षाअखेरीस बेरीज मांडली असता मात्र त्या मागे पडत नाहीत.

राज्यसंस्थेचा हात

प्राप्तीचे हे चित्र २०१७ पासून बरेच पालटले. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. तत्पूर्वी तिची सरासरी किंमत सुमारे १ लाख २१ हजार होती. ऑगस्टमध्ये कोबाल्ट-क्रोमियमचा कृत्रिम गुडघा सुमारे १ लाख ५८ हजारांवरून ५४,७२० रुपयांवर आणला गेला. कोविडच्या साथीत, जुलै २०२१ मध्ये, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक, नेब्युलायझर आणि डिजिटल तापमापक यांवरील व्यापारी नफा वितरकास पडणाऱ्या किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आला.

या निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. उत्पादकाच्या पगारी प्रतिनिधीचे कमिशन कंपनीच्या बीजकावर मोजले जाते; रुग्णाच्या बिलातील वाढीव रकमेशी त्याचा थेट संबंध नसतो. वितरकाकडील प्रतिनिधीचे मात्र तसे नाही. त्याची प्राप्ती मधल्या नफ्यातूनच निघते. तो नफा आटला की प्रथम झळ त्यालाच लागते. शिवाय वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी २०२४ साली आलेल्या आचारसंहितेने डॉक्टरांना भेटवस्तू व प्रवासखर्च देण्याच्या प्रथेस मनाई केली. त्यामुळे ज्या शाखांत विक्री अशा प्रथांवर विसंबून होती, तेथेही उपकरणाचे ज्ञान आणि तत्पर सेवा यांचेच मोल वाढावयास हवे.

या कामगारवर्गाच्या संरक्षणाची कथाही बोधप्रद आहे. विक्री-संवर्धन कर्मचाऱ्यांचा १९७६ चा कायदा आरंभी औषधविक्री-प्रतिनिधींपुरता होता. शल्य-उपकरणे, कृत्रिम अवयव व निदानसाधने यांचे प्रतिनिधी त्याच्या कक्षेत आले ते २०११ मध्ये. पुढे तो कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन झाला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

किनाऱ्याची स्थिती

आता रायगडच्या किनाऱ्याकडे वळावे. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. उच्च तंत्राच्या उपकरणांसाठी भारत मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे, आणि औषधे व वैद्यकीय उपकरणे यांच्या आयातीस मुभा असलेल्या बंदरांत न्हावा-शेवाची गणना होते. म्हणजे महागडी यंत्रे याच किनाऱ्यावर उतरतात. परंतु ती पुढे जातात मुख्यतः मोठ्या शहरांकडे. जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांची दाटी पनवेलच्या परिसरात आहे. अलिबागेस जिल्हा रुग्णालय व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या दक्षिणेस मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत गिऱ्हाईक विरळ होत जाते.

भूगोलही विक्रेत्यास अनुकूल नाही. धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी किनारा तुकड्यांत विभागला आहे. आगरदांड्याहून दिघीस जावयाचे तर फेरीबोट गाठावी लागते, नाहीतर मोठा वळसा पडतो. वरील हिशेबातील चौथा घटक, म्हणजे वेळ, येथे निर्णायक ठरतो. पनवेलमध्ये एका दिवसात जेवढी रुग्णालये पालथी घालता येतात, तेवढ्यांसाठी दक्षिण किनाऱ्यावर आठवडा जावा. दर कमिशनचा तोच. प्राप्ती मात्र घटते.

किंमतही येथे वेगळ्या मार्गाने बांधली जाते. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. तीत उपचाराचा दर ठरलेला असतो आणि उपकरणाची किंमत त्यातच सामावते. साहजिकच रुग्णालय स्वस्त वस्तू शोधते. रुग्णास याचा लाभ होतो. विक्रेत्यापुढे मात्र नगांची संख्या वाढविणे एवढाच मार्ग उरतो, आणि विरळ वस्तीत संख्या वाढत नाही.

यातून उद्भवणारा प्रश्न केवळ विक्रेत्याच्या उत्पन्नाचा नाही. उपकरण विकले गेल्यावर ते चालविण्यास शिकविणे, बिघाड कळताच धावून जाणे, सुटे भाग पोहोचविणे ही कामे पुष्कळ अंशी याच माणसावर किंवा त्याच्या वितरकावर असतात. जेथे प्राप्ती अल्प, तेथून अनुभवी प्रतिनिधी निघून जातो आणि यंत्र बंद पडून राहते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या उपकरण-देखभाल कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत यंत्रे ९५ टक्के वेळ चालू राहावीत असे उद्दिष्ट ठेवले. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ते ९०, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ८० टक्के आहे. अंतर वाढेल तशी हमी कमी होते, हे या आकड्यांतही मान्य केलेले दिसते.

निष्कर्ष

कोणती शाखा अधिक फलदायी, या प्रश्नास एकच उत्तर देता येत नाही. दाट वस्तीच्या नगरात अस्थिरोपण व भांडवली यंत्रे यांचे पारडे जड राहील. रायगडच्या दक्षिण किनाऱ्यासारख्या भागात रक्ततपासणी व डायलिसिस यांची संथ पण अखंड प्राप्ती अधिक भरवशाची ठरेल. परंतु जोवर मोबदला केवळ विक्रीच्या रकमेवर मोजला जातो, तोवर अनुभवी माणूस खाडी ओलांडून पलीकडे राहावयास जाणार नाही. खरेदीच्या करारातच देखभालीचा मोबदला स्वतंत्रपणे धरणे आणि तो अंतराच्या प्रमाणात वाढविणे, हा यावरील व्यवहार्य उपाय होय. विक्रीचे अर्थशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन तपासावा, असा हा विषय आहे.