इशारा डोळ्यांना

शाळेत धावण्याची शर्यत लागली की गुरुजी ‘एक, दोन, तीन’ म्हणतात, नाही तर शिट्टी फुंकतात. ज्या मुलाला ऐकूच येत नाही, त्याने काय करावे? तो शेजाऱ्याच्या पायांकडे बघतो, ते हलले की धावतो, आणि तेवढ्यातच मागे पडतो. लोक म्हणतात, पोरगं मंद आहे. पोरगं मंद नसतं. इशाराच त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो.

हे ओळखले फ्रान्सच्या यूजेन रुबेन्स-अल्के या कर्णबधिर गृहस्थांनी. त्यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९२४ मध्ये पॅरिसला नऊ देशांचे कर्णबधिर खेळाडू जमले. हेच खेळ २००१ पासून ‘डेफलिंपिक्स’ म्हणून ओळखले जातात. आपला देश त्यांत प्रथम उतरला १९६५ साली, वॉशिंग्टनला. २०२५ च्या टोकियोच्या खेळांत आपण २० पदके मिळवली, त्यांतली बहुतेक नेमबाजीत.

असे सामने भरवायचे म्हणजे काय करावे लागते? धावपट्टी तीच, तलाव तोच. पण पिस्तुलाच्या बाराऐवजी खेळाडूसमोर दिवे ठेवतात: तांबडा लागला की जागेवर, पिवळा लागला की सज्ज, हिरवा लागला की धाव. फुटबॉलचा पंच शिट्टीबरोबर निशाणही हलवतो. चांगल्या कानाची श्रवणहानी निदान ५५ डेसिबल असावी लागते, आणि खेळताना श्रवणयंत्र काढून ठेवावे लागते. म्हणजे कोणाला अधिक ऐकू येण्याचा फायदा नको. खरी दगदग पुढेच आहे. देशोदेशींच्या खुणांची भाषा वेगळी, म्हणून पंचांच्या बैठकीपासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत खुणा जाणणारी माणसे लागतात.

आमच्या हिंजवडीजवळच बालेवाडीचे क्रीडासंकुल आहे. तिथे १९९४ साली राष्ट्रीय खेळ झाले, २००८ साली राष्ट्रकुल युवा खेळ झाले. कर्णबधिरांचे सामने तिथे का होऊ नयेत?

पण शिक्षकांनी तोवर थांबू नये. शर्यतीला रुमाल वर धरा आणि झटक्यात खाली आणा; ऐकणारी मुलेही त्याच इशाऱ्यावर धावू द्या. जत्रेच्या कुस्तीत शिट्टीच्या जोडीला पंचाने पाठीवर थाप द्यावी. कबड्डीचे मात्र अवघड आहे. दम घुमतो आहे की तुटला, हे समोरच्याला कळणार कसे? माझ्या मते पंचाने हात वर धरून ठेवावा, दम तुटताच खाली आणावा. करून पाहा.

हे भाषण रेडिओवर त्या मुलांना ऐकू येणार नाही. पुस्तिका मात्र त्यांच्या हाती द्या.