पाणीच नाही तर काटा काय सांगणार

आंबा घाटाच्या पायथ्याला, साखरप्यात, रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड. सकाळचे साडेआठ वाजलेत आणि मे महिन्याचं ऊन आत्ताच चटका देतंय. माझ्या मोटरसायकलची क्लच वायर आणायला माणूस गेलाय, म्हणून मी बाकड्यावर बसून आहे. समोर पांढरी हॅचबॅक, बॉनेट वर. काल संध्याकाळी घाट चढताना बंद पडली, टेम्पोने ओढून खाली आणली. कोल्हापूरचं जोडपं रात्री गावातच कुठेतरी राहिलंय. वहिनींच्या हातात अजून गणपतीपुळ्याच्या प्रसादाची पिशवी आहे.

मिस्त्री गाडीला हात लावायच्या आधी मालकांची उलटतपासणी घेतायत.

"काटा लाल पट्टीत कधी गेला?"

"घाट सुरू झाल्यावर, चार-पाच वळणांनी. मी लगेच एसी बंद केला."

"आणि थांबला नाहीत."

"थांबणारच होतो हो. पण काटा आपोआप खाली आला. पार खाली! म्हटलं, निवळलं. मग दोनेक किलोमीटरवर गाडी ओढेचना. टकटक आवाज, आणि बंद."

मिस्त्री बायकोकडे बघतात, मग नवऱ्याकडे. "साहेब, तो काटा पाण्याची गरमी सांगतो. पाणीच संपलं तर सांगणार कुणाची?"

मालक गप्प. मला मात्र ही गोष्ट सगळ्या ड्रायव्हिंग स्कूलांतून शिकवावी असं वाटतं. सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं तोवर त्याचं म्हणणं खरं. कूलंट गळून गेलं की ते पोकळीत उघडं पडतं आणि हेड होरपळत असलं तरी खुशाल कमी आकडा पाठवत राहतं. काटा चढला की माणूस घाबरतो तरी. असा पडला की देवाचे आभार मानून गिअर टाकतो.

मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा, बारक्या, बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटतो. "गावली!" आतून आवाज येतो. रेडिएटरच्या खालच्या होजला, क्लिपच्या अगदी कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर. भोवती वाळलेल्या कूलंटची हिरवट पांढरी खपली. म्हणजे गळती कालची नाही, बरेच दिवस थेंब थेंब चालू असणार. घाटात प्रेशर वाढलं आणि चीर उघडली.

"मग होज बदलून पाणी भरून स्टार्टर मारून बघू या का?" मालक चावी पुढे करतात. मिस्त्री चावी काढून स्वतःच्या खिशात टाकतात. सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असलं तर ते दाबलं जात नाही. स्टार्टरच्या एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी चारही प्लग बाहेर, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. बारक्या जोर लावतो. फिरतं. तिसऱ्या भोकातून चहाच्या चमचाभर पाणी पचकन उडतं आणि मिस्त्री नुसतेच मान हलवतात.

डिपस्टिक निघते. तेल काळपट, पण दुधाळ नाही. मालकांचा चेहरा उजळतो. "म्हणजे गॅस्केट शाबूत?"

"तेलात पाणी नाही. एवढंच."

चारही प्लग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेत. मी उठून जवळ जातो. पहिल्या दोघांची टोकं विटकरी-तपकिरी, निरोगी. चौथ्यावर काजळी. तिसरा मात्र लख्ख, पांढरा, आत्ता दुकानातून आणल्यासारखा. वाफेने धुतला गेलाय. इथेच निम्मा निकाल लागला, पण मिस्त्री अंदाजावर हेड उघडणाऱ्यांतले नाहीत. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ते कॉम्प्रेशन गेज पिळून बसवतात. बारक्या ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारतो. पहिला १७५. दुसरा १७०. तिसरा ८०. चौथा ७५. आकडे खडूने पत्र्यावर लिहिले जातात. तिसऱ्यात थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा एकदा: ८५. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून काटा बराच वर गेला असता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम बसले म्हणजे दोघांमधली गॅस्केटची पट्टी जळाली.

"उरलेल्या दोघांवर कोल्हापूर गाठता येईल?"

"घाट चढेल का ते घाटाला विचारा."

माझी क्लच वायर येते, बसतेही. मी हलत नाही.

दुपारी एकच्या सुमारास हेड बाहेर येऊन गोणपाटावर उलटं पडलंय. तीन आणि चारच्या मधोमध गॅस्केट काळी ठिक्कर. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. सारख्याच तापात ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. पण वरून बोल्टांनी आवळलेलं, पसरायला जागा नाही. मग ते वाकतं. मिस्त्री घासून साफ केलेल्या पृष्ठभागावर पोलादी पट्टी तिरपी उभी धरतात आणि फिलर गेजची पानं एकेक करून खाली सरकवतात. ०.०५ मिलिमीटर आरामात जातं. खरं तर तिथेच थांबायला हवं. ०.१० जातं. ०.१५ थोडं अडखळून, पण जातं. पलीकडचा उजेड मलाही दिसतो.

आता ब्लॉक. मिस्त्री तिसऱ्या सिलिंडरमध्ये हात घालून भिंतीवरून नख ओढतात, सावकाश, डोळे मिटून. उभे बारीक ओरखडे दिसतायत, पण नखाला लागत नाहीत. "वाचलात," ते म्हणतात. सकाळपासूनचा हा पहिला चांगला शब्द.

"खर्च किती येईल?"

"हेडला तडा आहे का ते कळल्याशिवाय बोलणार नाही. आधी प्रेशर लावून तपासायचं, तडा नसला तर फेस मारायचा. ते काम इथे होत नाही. कोल्हापूरला उद्यमनगरात करून आणा."

बारक्या हेड गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधतो. मालक दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेतात.

"आणि आपण?" वहिनी विचारतात.

"आपणही. यष्टीने, याच्याबरोबर."

"मग खिडकीची सीट माझी," त्या म्हणतात आणि प्रसादाची पिशवी उघडून बारक्याच्या काळ्या हातावर पेढा ठेवतात.