लालाग्रंथींचे विकार व मुखारोग्य

मराठी भाषेने लाळेला फारसा मान दिलेला नाही. ‘लाळघोटेपणा’ हा शब्द तुच्छतेनेच उच्चारला जातो. ‘तोंडाला पाणी सुटणे’ ह्या प्रयोगात थोडे कौतुक आहे, पण तेथे लाळेचे नाव टाळलेले आहे. शरीरक्रियाविज्ञानाच्या अध्ययनातही ह्या स्रावाचा विचार बहुधा पिष्टाच्या पचनापुरता होतो. वस्तुतः ते कार्य दुय्यम होय. लाळ नसली तरी स्वादुपिंड ते पार पाडते. दातांच्या रक्षणाचे कार्य मात्र लाळेवाचून दुसरा कोणताही स्राव करीत नाही. म्हणूनच लालाग्रंथींच्या विकाराची पहिली खूण पुष्कळदा ग्रंथीत न दिसता दातांवर उमटते.

अनुकर्ण, अधोहनू व अधोजिव्हा अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि ओठ, गाल, टाळू इत्यादींच्या श्लेष्मल त्वचेत विखुरलेल्या शेकडो लहान ग्रंथी मिळून दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ निर्माण करतात. विश्रांतीच्या वेळी ह्या लाळेचा मोठा वाटा अधोहनू ग्रंथींचा असतो; चर्वण सुरू होताच अनुकर्ण ग्रंथी पुढे येतात. निरोगी प्रौढात विश्रांतीकालीन प्रवाह दर मिनिटास ०·३ ते ०·४ मिलिलिटर असतो. तो ०·१ मिलिलिटरपर्यंत किंवा त्याखाली घसरला म्हणजे ग्रंथींचे कार्य निश्चितपणे मंदावले असे मानतात.

लाळेत ९९ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तथापि उरलेल्या अल्पांशावर दातांचे भवितव्य अवलंबून असते. दंतवल्क हे मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट ह्यांचे स्फटिक होय, आणि लाळ ह्याच दोन घटकांनी अतिसंपृक्त असते. त्यामुळे सामान्य स्थितीत दंतवल्क विरघळत नाही. साखर खाल्ल्यावर दातांवरील जंतुपटलात अम्ल निर्माण होते व पीएच मूल्य काही मिनिटांतच घसरते. ते सुमारे ५·५ च्या खाली गेले म्हणजे दंतवल्कातील खनिजे सुटू लागतात. हे मूल्य पुन्हा पूर्वपदावर येण्यास अर्धा ते एक तास लागतो, असे स्टेफन ह्यांनी १९४० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. पूर्वपदावर आणण्याचे हे काम प्रामुख्याने लाळेतील बायकार्बोनेट करते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. बायकार्बोनेटचे प्रमाण स्थिर नसते. प्रवाह वाढला की ते वाढते, घटला की घटते. म्हणजे लाळ कमी झालेल्या माणसाचे नुकसान दुहेरी होते: लाळ थोडी, आणि जी आहे तीही दुबळी. त्यात लाळेतील जंतुविरोधी प्रथिनेही उणावल्यामुळे बुरशीचा संसर्ग बळावतो. जीभ लाल व भेगाळलेली होते आणि कवळी हिरड्यांवर नीट टिकत नाही.

अशा तोंडातील दंतक्षयाची ठेवण निराळी असते. एरवी कीड दाढांच्या खाचांत किंवा दोन दातांच्या सांध्यात लागते. खालचे पुढचे दात तर सर्वांत सुरक्षित. कारण अधोहनू ग्रंथींच्या नलिका त्यांच्याच मागे उघडतात व ते सतत लाळेत न्हात असतात. (तेथे कीटण लवकर साचते ते ह्याच कारणाने.) लाळ आटल्यावर नेमके हेच दात, तेही हिरडीलगतच्या मानेपाशी व टोकांवर, किडू लागतात. प्रौढ रुग्णात ही ठेवण दिसली असता केवळ पोकळ्या भरून त्यास परत पाठविणे ही चूक होय. अगोदर लाळ मोजली पाहिजे. रुग्णाच्या तक्रारीवर विसंबता येत नाही. प्रवाह मूळच्या निम्म्यावर येईपर्यंत कोरडेपणा सहसा जाणवतच नाही. उलट काहींना प्रवाह पुरेसा असूनही तोंड कोरडे वाटते. मोजमापाची रीत साधी आहे: रुग्णाने स्वस्थ बसून काही मिनिटे लाळ एका अंशांकित नळीत सोडावयाची, एवढेच.

सर्वच ग्रंथिविकारांचा दातांवर असा परिणाम होत नाही. लालाश्मरी, म्हणजे नलिकेतील खडा, बहुतांशी अधोहनू ग्रंथीत आढळतो. जेवणाच्या वेळी जबड्याखाली सूज व वेदना ही त्याची खूण. परंतु एकच ग्रंथी अडल्याने तोंड कोरडे पडत नाही. गालगुंडाचेही तसेच.

कोरडेपणाचे सर्वांत सामान्य कारण औषधे हे होय: नैराश्यावरील, ॲलर्जीवरील, मूत्रल व इतर अनेक. उतारवयात ती एकाच वेळी अनेक घेतली जातात व दोष मात्र वयाला दिला जातो. स्वीडिश नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन ह्यांनी १९३३ मध्ये १९ स्त्रियांचे वर्णन केले. त्यांचे डोळे कोरडे होते आणि त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच लाला व अश्रू ग्रंथींवर उलटते. हा विकार मुख्यत्वे स्त्रियांत आढळतो, आणि काहींत पुढे लसिका-ऊतकाचा कर्करोग उद्भवत असल्याने निदानास विलंब परवडत नाही.

भारतात, जेथे तंबाखू व सुपारीच्या सेवनामुळे मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात, तेथे किरणोपचाराने होणारी हानी अधिक चिंतेची ठरते. लालाग्रंथींच्या पेशी मंदगतीने विभाजन पावणाऱ्या असूनही किरणांना विलक्षण संवेदनशील असतात. पहिल्याच आठवड्यात प्रवाह घटू लागतो. अनुकर्ण ग्रंथीस सरासरी २६ ग्रेपेक्षा अधिक मात्रा मिळाल्यास ती सहसा पूर्ववत होत नाही. किरणांची तीव्रता जागोजाग बदलून ग्रंथी वाचविण्याच्या पद्धतीची घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये परीक्षा झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर त्रासदायक कोरडेपणा ३८ टक्के रुग्णांत राहिला, तर जुन्या पद्धतीने तो ७४ टक्क्यांत होता.

ग्रंथीत काही जिवंत ऊतक उरले असेल तर पिलोकार्पीनने स्राव वाढतो. दमा असलेल्यास मात्र ते जपूनच द्यावे लागते. रुग्ण स्वतः आंबट वा गोड गोळ्या चघळून लाळ आणू पाहतो. त्याने तोंड ओले होते खरे, पण दात अधिक वेगाने जातात. साखरविरहित गोंद चघळणे बरे. न वाचणारे दात किरणोपचारापूर्वीच काढून जखम भरू द्यावी लागते, कारण किरण लागलेल्या जबड्याचे हाड नंतर सहज भरून येत नाही व कधी कुजते. उरलेल्या दातांना साच्यातून रोज फ्लोराइडचा लेप द्यावा लागतो, आणि हा क्रम ग्रंथी सुकलेल्या असेतोवर, म्हणजे बहुधा आजन्म, चालू ठेवावा लागतो.