उंचावरचें बिऱ्हाड

‘घर पाहावें बांधून’ ही आपल्या वाडवडिलांची म्हण. तींत घर भाड्यानें घेऊन पाहणाऱ्याचा उल्लेख नाहीं. भाड्याचें घर म्हणजे चार दिवसांची सोय, तें निरखून काय पाहावयाचें, अशीच त्या काळची समजूत असावी. परंतु हल्लीं नवरा-बायको दोघेंहि नोकरी करतात, बदल्या होतात, आणि कित्येक दांपत्यांच्या संसाराचीं पहिलीं दहा-पंधरा वर्षें भाड्याच्याच जागेंत जातात. राष्ट्रीय बांधकाम-संहितेनें (२०१६) पंधरा मीटर वा त्याहून उंच असलेल्या इमारतीस ‘उंच इमारत’ म्हटलें आहे. तशा इमारती आतां अमरावती-अकोल्यासहि अपूर्वाईच्या राहिलेल्या नाहींत. त्यांत बिऱ्हाड शोधतांना आम्हां उभयतांस जें शिकावयास मिळालें, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल, अशा भरंवशानें येथें सांगत आहों.

आमच्यापैकीं एकाची नोकरी अकोल्यास व दुसऱ्याची अमरावतीस. बडनेरा ते अकोला हें रेल्वेचें अंतर सुमारें ८० किलोमीटर, मध्यें मूर्तिजापूर. एकानें रोज जाणें-येणें करणें कष्टाचें खरें, पण अशक्य नव्हे. बिऱ्हाड कोणत्या गांवीं थाटावें हें ठरविण्यासाठीं आम्हीं दोन्ही शहरांतील जागा पाहिल्या, आणि पहिला धडा मिळाला तो पाण्याचा. अमरावतीस मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचें पाणी येतें, अकोल्यास महानच्या काटेपूर्णा धरणाचें. नळ दोन्हीकडे ठराविक वेळींच येतो. म्हणून इमारती बोअरचा आधार घेतात. परंतु पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. अकोला जिल्ह्याचा बराचसा भाग आणि अमरावती जिल्ह्यांतील दर्यापूर-भातकुलीकडील मुलूख त्यांत मोडतो. ज्या इमारतीचें बोअर खारें, तेथें डाळ शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं, आणि गिझरवर क्षारांचीं पुटें चढतात. म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणीं बोअरचें पाणी ओंजळींत घेऊन चाखूं लागलों. दलालास त्याचें हसूं येई. आम्हांस मात्र त्या एका घोटांत पुष्कळ कळत असे.

मातोश्रींचें वय सत्तरीच्या पुढें, आणि त्यांचा सारा गोतावळा अमरावतीचा; म्हणून अखेर अमरावतीच पक्की केली. एप्रिलमधील एका सायंकाळीं तेथें सातव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, मजल्यावरची एक जागा पाहावयास मिळाली. पश्चिमेस ऐसपैस गॅलरी, समोर मावळता सूर्य, खालीं नुकतेच लागलेले शहराचे दिवे. घरमालकांनीं वातानुकूलनयंत्र आधींच सुरू करून ठेविलें होतें. भाडेंहि खालच्या मजल्यांहून कांहींसें कमी. आमच्यापैकीं एकास देखाव्यानें भुरळ घातली, दुसऱ्यास भाड्यानें. आणि ज्या जोडप्याचें एरवीं पडद्यांच्या रंगावरहि एकमत होत नाहीं, तें त्या दिवशीं विसार देण्यास एकमतानें तयार झालें! इतक्यांत मातोश्री शांतपणें म्हणाल्या, “संध्याकाळ फार छान आहे रे बाळा, पण मला इथं दुपारी राहायचं आहे.”

आम्ही खजील झालों. दोघेंहि सकाळीं नवास बाहेर पडणारीं आणि दिवेलागणीस परतणारीं. सवडीप्रमाणें आम्हीं प्रत्येक जागा सायंकाळींच पाहिली होती. ज्यांना त्या घरांत दिवसभर राहावयाचें, त्यांची वेळ आम्हीं एकदांहि पाहिली नव्हती. विसार खिशांतच ठेवून दुसऱ्या दिवशीं अर्ध्या रजा काढल्या आणि दुपारीं तीन वाजतां पुन्हां गेलों.

यंत्र बंद होतें. पश्चिमेच्या भिंतीस हात लावला, तो चटकन् मागें घ्यावा लागला. कारण उघड आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यांत, नवतपाच्या सुमारास, अमरावतीस मध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो. गच्चीच्या स्लॅबवर ऊन सरळ पडतें, आणि तिसऱ्या प्रहरीं तेंच पश्चिमेच्या भिंतीवर येतें. काँक्रीट ही उष्णता शोषून घेतें आणि रात्रीं सावकाश आंत सोडतें. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांच्या हातभर जाड मातीच्या भिंती हें ऊन बाहेरच थोपवीत. आजच्या पातळ भिंतींस तें साधत नाहीं. मे २०२० मध्यें अकोल्यास पारा ४७ अंशांवर गेला होता, हें ध्यानीं धरिलें म्हणजे वऱ्हाडांत वरचा मजला स्वस्त कां, हें निराळें सांगावें लागत नाहीं. कूलर लावूं म्हणावें, तर खिडकीबाहेर त्याची घोडी बसविण्यास इमारतीची मनाई होती. मग उरलें तें विजेचें बिल!

नळ सोडून पाहिला, तर बारीक धार. यांतहि चमत्कार नाहीं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारें एका वातावरणाइतका असतो. टांकी गच्चीवर, म्हणून तळमजल्यास जोराची धार. आणि टांकीच्या लगत खालीं राहणाऱ्यास, दाब वाढविणारा पंप नसेल तर, सर्वांत दुबळी. वीज गेल्यावर लिफ्ट चालविण्यास जनरेटर आहे काय, असें विचारतां रखवालदारानें नुसतीच मान हलविली. सत्तरीच्या बाईनें देवळांतून परत येऊन सात जिने चढावे कसे, याचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. आग विझविण्याच्या साधनांविषयींहि असेंच विचारावें. २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानें तीं सुस्थितींत असल्याचा दाखला दर जानेवारी व जुलै महिन्यांत देणें बंधनकारक आहे. तो दाखवा म्हणण्यांत संकोच कसला?

आतां करारासंबंधीं दोन शब्द. पूर्वीं वऱ्हाडांत मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडें नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीं घरमालकास नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. महाराष्ट्र भाडें नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला आणि तो आदेश संपुष्टांत आला. आतां बहुधा अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो, व मुदत संपतांच जागा सोडावी लागते. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, असें पुष्कळजण सांगतात. महाराष्ट्रांत तें खरें नव्हे. या अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वयें करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसतां अटींविषयीं वाद पडला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचेंच म्हणणें ग्राह्य धरितात. कूलर, पाणी, अनामत रकमेची परतफेड या गोष्टी तोंडीं न ठेवतां करारांतच लिहून घ्याव्या.

शेवटीं आम्हीं दुसऱ्या एका इमारतींत तिसऱ्या मजल्यावरची पूर्वाभिमुख जागा घेतली. अर्थात् भर दुपारीं पाहून! भाडें थोडें अधिक पडतें, आणि गॅलरींतून दिसतें तें समोरच्या घराचें कडुनिंबाचें झाड. सातव्या मजल्यावरच्या त्या सूर्यास्ताची आठवण आम्हांस अजून होते, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्याच झाडाच्या सावलींत मातोश्री दुपारीं पोथी घेऊन बसतात, आणि वीज गेलीच तर तीन जिने थांबत-थांबत चढून येतात. भाड्याची जागा पाहावयास निघालेल्या जोडप्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे: जागा आपल्या सवडीनें पाहूं नका, त्या घरांत जो सर्वांत अधिक वेळ राहणार, त्याला बरोबर घेऊन त्याच्या वेळेस पाहा.