पत्राचे वर्ष कोणते?

समजा, जळगावजवळच्या एका जुन्या वाड्यात तुम्हाला मोडी लिपीतले एक पत्र सापडले. त्यावर 'जमादिलाखर' हा महिना आहे, वर्ष नाही. 'पानिपतात भाऊ कामी आला' असे एक वाक्य त्यात आहे. शेजारचे आजोबा लगेच म्हणतात, "हे लढाईच्या वेळचेच पत्र!" लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली आणि त्या वर्षी जमादिलाखर जानेवारीतच सुरू झाला होता. मग आजोबांचे खरे मानायचे?

थांबा. पुढची ओळ वाचा : 'तापीस महापूर, नावा बंद.' जानेवारीत तापीला महापूर कुठला? हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून त्याचा प्रत्येक महिना दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो आणि ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. १७७७ साली हाच जमादिलाखर जुलैत आला होता. पत्रात पेशवे म्हणून सवाई माधवरावांचे नाव असेल, तर ते १७७४ च्या आधीचे नव्हे. आता पाच-सात वर्षेच उरली. मात्र पूर लिहिणाऱ्याने स्वतः पाहिला की नुसता ऐकला, हेही विचारायला हवे.

हे पत्र आपण कल्पनेने रचले. पण अशा बिनसालाच्या खऱ्या पत्रांशी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वर्षानुवर्षे झगडले. गावोगाव हिंडून त्यांनी दप्तरे मिळवली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या वेळचे पत्र अधिक विश्वासाचे, असा त्यांचा आग्रह होता. (पत्र लिहिणाराही कधी धन्याला बरे वाटेल तेच लिहितो, ही गोष्ट वेगळी!) १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले, १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.

उद्या विद्यापीठात तुम्ही निबंध लिहाल, तेव्हा 'पत्रात असे आहे' आणि 'त्यावरून मला असे वाटते' ही वाक्ये वेगळी ठेवा. आजोबांनी नेमकी तीच एकत्र केली होती. राजवाड्यांनी ठरवलेल्या काही तारखाही पुढच्या अभ्यासकांनी बदलल्या. ते त्यांना जमले, कारण राजवाड्यांनी आपल्या मताबरोबर मूळ पत्रेही छापून ठेवली होती.